आखडलेला खांदा आणि जुना किनेक्ट: सांगलीतल्या एका फिजिओथेरपी केंद्राचं प्रकरण

एक्सबॉक्स ३६० हा मायक्रोसॉफ्टचा जुना गेम कन्सोल आणि त्याच्यासोबतचा, खेळणाऱ्याची हालचाल ओळखणारा किनेक्ट कॅमेरा, दोन्ही मिळून नऊ हजार रुपये. एका लहान फिजिओथेरपी केंद्रानं हा सौदा करावा की नाही, एवढाच या प्रकरणातला प्रश्न. केंद्र सांगलीत आहे, विश्रामबागेकडून मिरजेला जाणाऱ्या रस्त्यालगत, तळमजल्यावर. चालवणाऱ्या मॅडम, त्यांच्या हाताखाली एक सहायक मुलगी आणि सकाळी झाडलोट करून शेकाच्या पिशव्या तापवणाऱ्या मावशी, एवढीच माणसं. कन्सोल विकणारा मॅडमचाच पुण्यातला भाचा. त्याचं लग्न ठरलं होतं आणि नव्या घरात जुनं सामान नको होतं. मी इथल्याच एका तंत्रनिकेतनात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो, सेन्सर हा रोजचा विषय, म्हणून मॅडमनी मला बोलावून घेतलं.

पेशंट आणि अडचण

या केंद्रात खांद्याचे पेशंट जास्त, आणि आपल्या भागात त्याचं नवल नाही. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडची माणसं द्राक्षबागेत मांडवाखाली तासन्‌तास हात वर करून उभी असतात. आधी छाटणी, मग घडांची विरळणी. मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे हमाल आहेत. शिवाय शुगरचे पेशंट, ज्यांचा खांदा काहीही जड न उचलता आपोआप आखडतो. मधुमेह्यांमध्ये फ्रोझन शोल्डरचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं. अधूनमधून पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेले एखाद-दुसरे काकाही असतात.

फ्रोझन शोल्डर सुटायला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात आणि तेवढा काळ हालचाल चालू ठेवावी लागते. नेमकी तीच होत नाही. पेशंट शेक घेतात, करंट लावून घेतात, कारण त्यात पडून राहायचं असतं. भिंतीवरच्या, हातानं फिरवायच्या चाकापाशी, म्हणजे शोल्डर व्हीलपाशी उभं केलं की दहा फेऱ्यांत घड्याळाकडे बघायला लागतात. दाराच्या चौकटीला लावायची दोरी-पुली मॅडम घरी पाठवतात, तिच्यावर टॉवेल वाळत घातलेले असतात, असं त्याच हसत सांगतात.

त्यांना कॅमेऱ्याकडून तीन गोष्टी हव्या होत्या. पेशंटला व्यायामात गोडी लागावी. कॅमेरा फेऱ्या मोजेल, म्हणजे सहायक मुलीचा वेळ सुटावा आणि तिला दुसऱ्या पेशंटकडे बघता यावं. आणि हात किती अंश वर गेला याची नोंद आपोआप व्हावी. मला पहिली शक्य वाटत होती, तिसरी अवघड. दुसरीबद्दल मी काही बोललो नाही, कारण ती सेन्सरपेक्षा खेळावर अवलंबून होती आणि खेळ मी पाहिलेले नव्हते.

हे कॅमेरे नेमके कशासाठी निघाले

गावातल्या एका दुकानदारानं मॅडमना सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलचा एचडी कॅमेरा सुचवला होता. तो २०२० सालचा आणि दिसायला देखणा. पण खेळणाऱ्याचा चेहरा थेट प्रक्षेपणात कोपऱ्यात दाखवायचा, हे त्याचं काम. अंगाची हालचाल ओळखणं त्याच्याकडे नाही. 'कन्सोलचा कॅमेरा' म्हटलं की सगळे एकाच जातीचे, असं समजून पैसे घालवण्याची इथे बरीच सोय आहे.

कॅमेऱ्यासमोर हालचाल करून खेळायची कल्पना किनेक्टच्या आधीची. सोनीनं २००३ मध्ये प्लेस्टेशन २ साठी आयटॉय काढला. तो साधा यूएसबी वेबकॅम होता. चित्रात कुठे काय हललं एवढंच तो बघायचा, म्हणून खोलीत भरपूर उजेड लागायचा. २००७ चा प्लेस्टेशन आय हा ६४० बाय ४८० चित्रबिंदूंची ६० चित्रं सेकंदाला घ्यायचा. २०१० मध्ये सोनीनं त्याला 'मूव्ह' नावाची कांडी जोडली, टोकाला रंगीत उजेडाचा गोळा असलेली. आता कॅमेऱ्याला माणूस ओळखायचा नव्हता, फक्त गोळा शोधायचा होता. तो जितका मोठा दिसेल तितका जवळ. स्वस्तात काम भागवणारी ही युक्ती मला आजही आवडते. पण झटक्यानंतर ज्याची मूठ नीट वळत नाही त्याच्या हातात कांडी कशी द्यायची? आमच्यापुरता तो मार्ग तिथेच बंद झाला.

किनेक्टमध्ये हातात काहीच धरायचं नव्हतं. अमेरिकेत तो ४ नोव्हेंबर २०१० ला १५० डॉलरला आला, आणि भारतात त्याच महिन्यात साधारण दहा हजार रुपयांना. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग खपले. एवढी किंमत साध्या कॅमेऱ्याची नव्हती, समोरच्या वस्तूचं अंतर मोजणाऱ्या सेन्सरची होती. प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचं ते तंत्र. डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड लेझरचे हजारो ठिपके तो खोलीभर टाकतो आणि शेजारचा इन्फ्रारेड कॅमेरा ते ठिपके ठरलेल्या जागेपासून किती सरकलेत हे बघतो. सरकण्यावरून अंतर निघतं. मग त्या अंतरांच्या चित्रातला प्रत्येक बिंदू शरीराच्या ३१ भागांपैकी कुठल्या भागाचा, याचा अंदाज बांधला जातो आणि त्यातून २० सांध्यांचा सांगाडा तयार होतो, सेकंदाला ३० वेळा. हे अंदाज बांधणारं गणित मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेत, अंतरचित्रांच्या प्रचंड मोठ्या संचावर शिकवून तयार झालं होतं.

पुढची कथा पैशाची. नोव्हेंबर २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन आला तो किनेक्टसकट, ४९९ डॉलरला. कॅमेरा नको म्हणायची सोय नव्हती. प्लेस्टेशन ४ मिळत होता ३९९ ला. वर सतत कान आणि डोळे उघडे ठेवणारं यंत्र दिवाणखान्यात कशाला, ही कुरकुर होतीच. जून २०१४ पासून कंपनीनं किनेक्टविना कन्सोल ३९९ ला विकायला सुरुवात केली आणि २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादनच थांबवलं. माझ्या मते किनेक्ट तंत्रात नापास झालेला नाही. शंभर-दीडशे डॉलर देऊन घेतलेल्या वस्तूला घरात रोज करण्यासारखं काम मिळालं नाही. एकट्यानं खेळायचं तरी समोर सहा फूट मोकळी जागा लागते, दोघांना आठ. तेवढी जागा काढायला रोज सोफा कोण सरकवणार? फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये काम आधीच ठरलेलं असतं आणि जागाही असते. म्हणून मला हा सौदा बघण्यासारखा वाटला.

दुसऱ्या पिढीचा, म्हणजे एक्सबॉक्स वनचा किनेक्ट तंत्रात सरस आहे. प्रकाश जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून तो अंतर काढतो, २५ सांधे आणि सहा माणसं ओळखतो. पण तो थेट लागतो फक्त मूळच्या एक्सबॉक्स वनला. नंतरच्या वन एस आणि वन एक्सला वेगळा ॲडॉप्टर लागतो, तो बनवणं २०१८ च्या सुरुवातीलाच बंद झालं, आणि जुन्या बाजारात आम्हाला तो कॅमेऱ्यापेक्षा महाग सांगितला गेला. त्यापुढच्या एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस वर किनेक्ट चालतच नाही. तो पर्याय बाजूला ठेवला.

भाच्याचा सेट कागदावर ठीक होता. एक्सबॉक्स ३६० चं स्लिम मॉडेल, मागे किनेक्टचं स्वतंत्र पोर्ट, म्हणजे सेन्सरला वेगळी वीज द्यावी लागत नाही. वीजपुरवठ्याचा डबा पुण्यात घेतलेला, २२० व्होल्टवर चालणारा. हे मुद्दाम तपासलं, कारण नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेल्या ३६० चा डबा ११० व्होल्टचा असतो आणि आपल्या प्लगला लावला की संपला. डिस्क दोन: किनेक्ट ॲडव्हेंचर्स आणि किनेक्ट स्पोर्ट्स. फळं कापायचा एक खेळ हार्डडिस्कवर उतरवलेला होता. भाच्याला सांगितलं, कन्सोल 'साफ' करून पाठवू नकोस. एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं, त्यामुळे पुसलेला खेळ पुन्हा विकत घेता येत नाही. जुन्या कन्सोलची किंमत ठरवताना लोक प्लास्टिकवरचे ओरखडे बघतात. मी तरी आधी आत काय उतरवलेलं आहे ते बघतो.

हॉलमध्ये लावल्यावर

पैसे देण्याआधी सेट केंद्रात लावून बघायचा, असं ठरलं होतं. प्रतीक्षा खोलीतला टीव्ही आत आणला. बाहेर बातम्या बघत बसणाऱ्या आजोबांनी त्याबद्दल जी नाराजी व्यक्त केली ती पुढे बरेच दिवस टिकली.

पहिली अडचण आरशाची निघाली. उभं राहण्याची ढब पेशंटला दिसावी म्हणून फिजिओच्या हॉलमध्ये पुरुषभर उंचीचा आरसा असतोच. इन्फ्रारेड ठिपके आरशावरून भलतीकडे परततात, तिथली अंतरं चुकतात, आणि आरशाशेजारी उभ्या माणसाचा सांगाडा मधूनच तुटतो. धरून चालायचा सराव करायच्या चकचकीत पॅरलल बारचंही तेच. सेन्सर फिरवून आरशाला पाठ केली तर तोंड पश्चिमेच्या खिडकीकडे झालं. चारनंतर ऊन आत आलं की उन्हातल्या इन्फ्रारेडमध्ये ठिपके बुडून जायचे आणि पडद्यावरचा माणूस नाहीसा व्हायचा.

दुसरी अडचण मात्र मला फार आवडली. सकाळी सगळं व्यवस्थित चालत होतं. अकराच्या सुमारास मधूनमधून बिघडायला लागलं. ऊन नव्हतं, आरसा मागे होता. मग लक्षात आलं, शेजारच्या कॉटवर एका आजींच्या कंबरेला 'लाल दिवा' लावलाय. तो शेकाचा इन्फ्रारेड लॅम्पच. सेन्सर ज्या जातीच्या प्रकाशात बघतो तोच प्रकाश हा दिवा ढीगभर ओततो. दिवा सेन्सरच्या नजरेबाहेर, पडद्याआड नेला आणि गडबड थांबली. घरातल्या वापरासाठी बनवलेल्या यंत्राच्या माहितीपत्रकात ही सूचना कुणी कशाला देईल?

कपड्यांचा प्रश्न अपेक्षित होता. साडीत पाय वेगळे दिसत नाहीत, धोतरातही नाहीत. सांगाड्याचे गुडघे मग कुठेही जातात. आमचं काम खांद्याचं असल्यानं ते चाललं. पदर आणि ओढणी मात्र खोचून घ्यायला सांगावं लागतं, नाहीतर लोंबणारा पदर हाताचा भाग समजला जातो. सहायकेनं पेशंटला मागून धरलं की दोघांची आकृती एक होते आणि सांगाडा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर उडी मारतो. ज्याला धरल्याशिवाय उभं करता येत नाही त्याच्यासाठी हे यंत्र नाही, असं मॅडमनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. झटका आलेल्या काकांपैकी स्वतःच्या पायावर भक्कम उभे राहणारेच यात घ्यायचे. फिट येण्याचा इतिहास असलेल्यांना झगमगत्या पडद्यासमोर आणायचंच नाही.

कॅमेऱ्याला खांद्यातलं काय दिसतं

मॅडमनी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी घेतली, मी सांगाड्याचे आकडे वाचता यावेत म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेतला एक किनेक्ट लॅपटॉपला लावला. प्रयोगशाळेतला घ्यावा लागला, कारण लॅपटॉपला जोडायची वीजपुरवठ्यासकटची वायर सुट्या विकलेल्या किनेक्टच्या खोक्यातच यायची. भाच्याचा कन्सोलबरोबर आलेला होता, त्यात ती नव्हती.

हात बाजूनं वर नेताना आकडे बऱ्यापैकी जुळले. माणूस कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा असतो, हात त्याच प्रतलात वर जातो, खांदा, कोपर, मनगट तिन्ही उघड दिसतात. पण फ्रोझन शोल्डरमध्ये सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त अडते ती ही हालचाल नव्हे. कोपर कमरेला चिकटवून, काटकोनात वाकवून, पंजा बाहेरच्या बाजूला नेता येत नाही. बाहेरचं फिरणं सर्वात जास्त अडतं, त्याखालोखाल बाजूनं वर नेणं. बायकांना वेणी घालता येत नाही, पुरुषांना शर्टाची बाही चढवता येत नाही, ते यामुळेच.

आणि नेमकी हीच हालचाल किनेक्टला दिसत नाही. कोपर काटकोनात वाकवला की पंजा सरळ कॅमेऱ्याकडे रोखला जातो, कोपर मनगटामागे लपतं. लपलेल्या सांध्याची जागा यंत्र अंदाजानं भरतं आणि तो अंदाज दर क्षणाला थोडा हलतो. त्यातून काढलेला कोन मॅडमच्या मोजमापाशेजारी ठेवायच्या लायकीचा नव्हता. पेशंट अर्धा-पाऊण मीटर मागे सरकला की आणखी ढासळतो, कारण या सेन्सरची अंतरातली चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोन मोजण्याचं काम काही शे रुपयांच्या पारदर्शक प्लास्टिकच्या गोनिओमीटरकडेच राहिलं. तिसरी अपेक्षा अशी निकालात निघाली.

दुसरी अपेक्षा त्याहून खोलवर अडली. किनेक्ट ॲडव्हेंचर्समध्ये एक खेळ आहे: तुम्ही पाण्याखालच्या काचेच्या खोलीत आहात, काचेला भेगा पडतात, त्यांवर हात-पाय ठेवून पाणी थांबवायचं. वरच्या कोपऱ्यातली भेग बुजवायला हात वर न्यावाच लागतो. आखडलेल्या खांद्यासाठी जणू मागवून घेतलेला खेळ. (तराफ्यावरून नदी उतरायचा दुसरा खेळ त्याच डिस्कवर आहे. त्यात उड्या असल्यानं तो वगळला. तशीही २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना त्याची कितपत गंमत वाटली असती, कोण जाणे.)

मार्केट यार्डातल्या एका हमालदादांनी पहिल्याच फेरीत वरच्या सगळ्या भेगा बुजवल्या. टाळ्या झाल्या. मॅडम मात्र कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. दादांचा खांदा वर गेलाच नव्हता. त्यांनी खांद्याचा उंचवटा कानाला भिडवला, कंबर विरुद्ध बाजूला कलती केली, आणि सगळं धड वापरून पंजा त्या कोपऱ्यात पोचवला. आखडलेल्या खांद्याची ही नेहमीची चलाखी आहे. शरीर काम साधून घेतं, अडलेला सांधा जागचा हलत नाही. खेळाला पंजा कुठे आहे एवढंच बघायचं असतं. तो तिथे कसा पोचला, हा प्रश्न खेळ विचारत नाही. पोचल्याबद्दल गुण देतो आणि पुढच्या वेळी हीच चलाखी अधिक वेगानं करायला शिकवतो.

म्हणजे सहायक मुलीला तिथून हलता येणार नव्हतं. उलट शोल्डर व्हीलपाशी ती अधूनमधून नजर टाकायची, इथे सतत शेजारी उभं राहून "दादा, खांदा खाली, कंबर सरळ" म्हणत राहावं लागत होतं. आणि दादांना थांबवणं हे वेगळंच काम. दुसऱ्या दिवशी त्यांचा खांदा ठणकत होता, कारण आधीच्या पेशंटचे गुण त्यांना मोडायचे होते. शोल्डर व्हीलवर जास्त व्यायाम झाल्याची तक्रार या केंद्रात कधी आली नव्हती. गोडी लागण्याची पहिली अपेक्षा पुरी झाली, ती अशी.

हिशेब

मॅडमनी भाच्याशी घासाघीस करून साडेसात हजारांवर आणलं. मावशीपणाचा फायदा त्यांनी पुरेपूर घेतला. सेन्सर छातीच्या उंचीवर ठेवायचा स्टँड ६००, खिडकीला जाड पडदा ९००, स्पाइक गार्ड ४५०. टीव्ही घरचाच. एकूण ९,४५० रुपये.

आता दुसरी बाजू. खांद्याचे रोजचे सहा पेशंट, प्रत्येकी पंधरा मिनिटं, म्हणजे सहायकेचा दीड तास. तिचा पगार महिना बारा हजार आणि दिवस आठ तासांचा धरला तर महिन्याला सव्वादोन हजार रुपयांचा वेळ किनेक्टसमोर जातो. सव्वाचार महिन्यांत ही रक्कम यंत्राच्या सगळ्या खर्चाएवढी होते, आणि पुढेही चालूच राहते. मॅडमना हा हिशेब पहिल्यांदा उलटा वाटला, कारण वेळ वाचवायला निघून वेळच जास्त लागत होता.

पण तो दीड तास आधी कुठे जात होता, हेही बघायला हवं. चाकापाशी पेशंट एकटा उभा राहायचा म्हणजे सहायकेचा वेळ वाचत होता खरा, पण व्यायामही होत नव्हता. वाचलेला वेळ म्हणजे न झालेला व्यायाम. मॅडमनी शेवटी निर्णय घेतला तो या एका मुद्द्यावर. यंत्र माणसाचं काम करणार नाही, पण पेशंटच्या मागे लागण्याचं, "अजून पाच करा हो" म्हणण्याचं काम पडदा करेल आणि सहायक मुलगी खांद्याकडे बघेल. नव्यानं शिकून आलेल्या मुलीसाठी रोज दीड तास नुसता खांदा बघणं हे शिक्षणही आहे. याची किंमत माझ्या आकडेमोडीत बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्नही मी केला नाही.

सेट घेतला. नियम मॅडमनी केले. करंट आणि शेकानंतर, मॅडमनी स्वतः खांदा हलवून दिल्यावरच खेळ. दोन फेऱ्या, त्यापलीकडे कितीही गयावया केली तरी नाही. गुण वहीत लिहायचे नाहीत. लिहायचं ते गोनिओमीटरचं माप, पंधरवड्यातून एकदा. कंबर कलती होत असेल तर पेशंटला स्टुलावर बसवून खेळवून पाहिलं, पण ३६० वर बसलेल्या माणसाचा सांगाडा नीट धरला जात नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१२ मध्ये बसलेल्यांसाठी वरच्या दहा सांध्यांची खास सोय केली, ती कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये. मग भिंतीला पाठ टेकवून उभं करण्याचा उपाय सहायकेनंच काढला. पाठ भिंतीपासून सुटली की पेशंटला स्वतःलाच कळतं. पण पाठ अगदी चिकटली की सेन्सरला माणूस आणि भिंत वेगळी काढताना त्रास होतो, म्हणून मध्ये उशी ठेवतात.

फोटोंचा एक मुद्दा आधी कुणाच्याच डोक्यात नव्हता. किनेक्ट ॲडव्हेंचर्स खेळताना अधूनमधून फोटो काढतो आणि फेरी संपली की दाखवतो. तासगावकडच्या एका वहिनींनी तोंड वेंगाडलेला, पदर खोचलेला आपला फोटो टीव्हीवर बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, हे कुठं जातंय?" प्रश्न अगदी रास्त होता. कन्सोल वायफायला जोडायचा नाही, फोटो साठवायचे नाहीत, आणि बायकांच्या वेळेत बाहेरच्या दाराचा पडदा ओढलेला ठेवायचा, असं ठरलं. कॅमेऱ्याची कल्पना प्रत्येकाला आधी द्यायची आणि नको म्हणेल त्याला मुकाट चाकाकडे न्यायचं. काही जण नको म्हणतात. त्यात बायकाच असतात असंही नाही.

पेशंट किती लवकर बरे झाले, असं मला विचारतात. एवढ्या थोड्या, वेगवेगळ्या आजारांच्या माणसांवरून ते ठरवणं बरोबर नाही. मॅडम एवढंच सांगतात की हजेरी सुधारली, आणि वेदना कमी झाली की यायचं बंद करणारे थोडे जास्त दिवस येतात. नव्याची नवलाई ओसरल्यावर काय होतं ते अजून दिसायचंय. निवृत्त शिक्षक असलेल्या एका पेशंटनी आत्ताच 'तेच ते भगदाड किती दिवस बुजवू' असं म्हणायला सुरुवात केली आहे. त्यांना किनेक्ट स्पोर्ट्समधल्या बोलिंगवर हलवलं, पण त्यात हात खालून पुढे जातो, खांद्याच्या वरचा पल्ला मिळत नाही. नवे खेळ निघणार नाहीत आणि जुन्या डिस्क शोधून आणाव्या लागतील, ही या स्वस्ताईची बाकी राहिलेली किंमत आहे.

सेन्सर बंद पडला तर दुसरा किनेक्ट घ्यायचा नाही, यावर आमचं दोघांचं एकमत आहे. साध्या वेबकॅमच्या चित्रातून शरीराचे ३३ बिंदू काढणारं मीडियापाइप हे गूगलचं सॉफ्टवेअर २०२० पासून फुकट मिळतं आणि बऱ्यापैकी लॅपटॉपवर चालतं. समोरच्याचं अंतर त्याला किनेक्टइतकं नीट कळत नाही, पण लाल दिवा आणि इन्फ्रारेडचं भांडणही नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून त्यावर एक मोजणी बसवली आहे. हात वर जाताना खांद्याचा बिंदू कानाच्या बिंदूकडे ठरावीक मर्यादेपलीकडे सरकला तर फेरी मोजायची नाही आणि शिटी वाजवायची. विकतच्या खेळात नसलेला नियम इथे आपल्याला हवा तसा लिहिता येतो. हमालदादांवर तो चालवून पाहिला, तेव्हा आठ फेऱ्यांत सहा वेळा शिटी वाजली आणि ते वैतागले. मर्यादा किती ठेवायची यावर मॅडम आणि विद्यार्थी सध्या भांडताहेत. दिसायला विद्यार्थ्यांचा प्रकल्प अगदीच रुक्ष आहे, काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा. पेशंटला गोडी लागावी असं त्यात अजून काही नाही, म्हणून सकाळची पाळी किनेक्टकडे आणि शनिवारची दुपार विद्यार्थ्यांकडे, अशी वाटणी झाली आहे.